यूके: घरच्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठीचे बेनिफिट्स आणि ते मागण्याची रीत

शमी

घरात डिमेन्शिया झालेल्या सासूबाई असोत, पार्किन्सन्स झालेला नवरा असो की ऑटिझम असलेलं मूल, त्यांचं सगळं करण्यात ज्यांचा आठवडा जातो त्यांच्यासाठी यूकेत आर्थिक मदत आहे. पण ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. आपल्या लोकांची न मागण्याची कारणंही ठरलेली: "नवऱ्याचा पगार चांगला आहे, आपल्याला कोण देणार?" किंवा "माझी पेन्शन सुरू झाली, आता अर्ज करून काय उपयोग?" ही दोन्ही कारणं चुकीची आहेत, आणि त्यापायी दर आठवड्याला हक्काचे पैसे बुडतात. म्हणून हा धागा.

आकडे २०२५-२६ या वर्षाचे आहेत. ते दर एप्रिलमध्ये बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वेळी सरकारी संकेतस्थळावर ताजा दर बघा. मी लिहितेय ते इंग्लंड आणि वेल्सपुरतं.

मुख्य बेनिफिट म्हणजे केअरर्स अलाउन्स, आठवड्याला ८३.३० पौंड. अटी अशा: तुमचं वय १६ च्या पुढे हवं, आठवड्यात किमान ३५ तास त्या व्यक्तीची काळजी घ्यायला हवी, नोकरी असेल तर हातात येणारी कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या आत हवी, आणि आठवड्याला २१ तास किंवा जास्त शिक्षण चालू नको. शिवाय गेल्या ३ वर्षांतली किमान २ वर्षं या देशात काढलेली हवीत.

३५ तासांत स्वयंपाक, कपडे, औषधं देणं, जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) नेणं, रात्री उठणं, "एकटं सोडता येत नाही म्हणून घरात थांबणं" हे सगळं धरतात. आठवडा रविवार ते शनिवार असा मोजतात आणि त्या प्रत्येक आठवड्यात ३५ भरावे लागतात, महिन्याची सरासरी चालत नाही. फक्त शनिवार-रविवार आईकडे जाऊन राहणाऱ्यांनी हे नीट बघावं: एकाच वीकेंडचा शनिवार एका आठवड्यात जातो आणि रविवार दुसऱ्या.

सगळ्यात महत्त्वाची अट मात्र तुमच्याबद्दल नाहीच. ज्यांची काळजी घेता त्यांना स्वतःला अपंगत्वाचा एखादा ठरावीक बेनिफिट चालू असला पाहिजे. म्हणजे यांपैकी एक:

- अटेंडन्स अलाउन्स (पेन्शनच्या वयानंतर), कुठलाही दर
- पिप (पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट), त्यातला डेली लिव्हिंग म्हणजे रोजच्या कामांचा भाग, कुठलाही दर. नुसता मोबिलिटी (हिंडण्याफिरण्याचा) भाग चालत नाही
- मुलांसाठी डीएलए (डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स), केअर भागाचा मधला किंवा वरचा दर. खालचा दर (२९.२० पौंड) चालत नाही

म्हणून क्रम असा ठेवा: आधी त्यांचा अर्ज, त्याचा निकाल, मग तुमचा अर्ज. उलटं केलं की केअरर्स अलाउन्स नामंजूर होतो, आणि पुढे पिप मंजूर झाला तरी "आपल्याला नाही म्हणालेत" म्हणून माणूस पुन्हा अर्ज करत नाही. पिप किंवा अटेंडन्स अलाउन्सच्या निकालाचं पत्र आल्यापासून ३ महिन्यांच्या आत तुम्ही अर्ज केलात, तर तुमचे पैसे त्यांचा बेनिफिट ज्या तारखेपासून लागू झाला त्या तारखेपासून मिळू शकतात. निकालाला बरेच महिने लागले असतील तर ही रक्कम चांगली मोठी असते. एरवी मागच्या तारखेपासून म्हणजे जास्तीत जास्त ३ महिने.

नवऱ्याचा किंवा बायकोचा पगार, घर, बचत, भारतातला फ्लॅट, यातलं काहीही केअरर्स अलाउन्स किंवा अटेंडन्स अलाउन्ससाठी बघत नाहीत. केअरर्स अलाउन्स करपात्र आहे, पण दुसरं उत्पन्न नसेल तर वर्षाची रक्कम करमुक्त मर्यादेच्या खूप खाली राहते.

अर्ज ऑनलाइन होतो. ज्यांना जमत नाही त्यांनी डीएस७०० हा छापील फॉर्म मागवावा. जवळ ठेवा: दोघांचे एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर, जन्मतारखा, तुमचे बँक तपशील, शेवटच्या पेस्लिप्स, नोकरी सोडली असेल तर मालकाने दिलेला पी४५ हा कागद. त्यांच्या बेनिफिटचं मंजुरीपत्र समोर असलं की तारखा चुकत नाहीत. एका व्यक्तीमागे एकाच केअररला पैसे मिळतात, तेव्हा भावंडांनी आधी आपापसात ठरवा. आणि दोघांची काळजी घेतली तरी अलाउन्स एकच.

---

कोकणकडा

उत्तम धागा. व्हिसाचा मुद्दा मात्र सगळ्यांच्या आधी यायला हवा, कारण इथे चूक झाली तर पैशांपुरती राहत नाही.

स्किल्ड वर्कर, डिपेंडंट, स्टुडंट, स्पाउस अशा बहुतेक व्हिसांवर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' म्हणजे 'सरकारी मदत मागता येणार नाही' ही अट असते. केअरर्स अलाउन्स, अटेंडन्स अलाउन्स, पिप, डीएलए, युनिव्हर्सल क्रेडिट (कामाच्या वयातल्या कमी उत्पन्नवाल्यांना), पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना), कौन्सिल टॅक्स रिडक्शन ही सगळी पब्लिक फंड्सच्या यादीत आहेत. ही अट असताना स्वतःच्या नावाने अर्ज करू नका. पुढे आयएलआरच्या (इथे कायम राहण्याच्या परवानगीच्या) वेळी ते आड येतं.

आयएलआर किंवा ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यावर अट जाते. वर लिहिलेली '३ पैकी २ वर्षं' ही वेगळी अट. त्यात व्हिसावर असतानाची इथली वर्षं धरतात.

एक प्रसंग नेहमी येतो: आईवडील दोघंही वर्क व्हिसावर आणि मूल ब्रिटिश नागरिक. डीएलए हा मुलाचा स्वतःचा हक्क आहे, पालक फक्त त्याच्या वतीने कारभार बघतात. त्यामुळे तो मागता येतो. पण त्या डीएलएच्या जोरावर पालकांनी केअरर्स अलाउन्स मागायचा नाही, कारण तो पालकांचा बेनिफिट ठरतो.

आईवडिलांना अ‍ॅडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह म्हणून आणलं असेल तर मुलाने ५ वर्षांची हमी लिहून दिलेली असते. त्या काळात पेन्शन क्रेडिटसारखी उत्पन्न बघून दिली जाणारी मदत मागायची नाही. अटेंडन्स अलाउन्सचे नियम वेगळे आहेत, तिथे अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला विचारून मगच पाऊल टाका.

---

सदाफुली

शमी, पेन्शनबद्दलचं राहिलं बघा. स्टेट पेन्शन आणि केअरर्स अलाउन्स एकत्र मिळत नाहीत ना?

---

शमी

एकत्र हातात पडत नाहीत, हे बरोबर. स्टेट पेन्शन ८३.३० पेक्षा जास्त असेल तर केअरर्स अलाउन्सचा एक पौंडही मिळत नाही. पेन्शन कमी असेल तर फरकाएवढा मिळतो. तरीही अर्ज करायचा. तेव्हा पत्र येतं की तुम्ही पात्र आहात, पण दुसऱ्या बेनिफिटमुळे रक्कम देता येत नाही. हे पत्र बहुतेक जण नकार समजून फेकून देतात. ते जपून ठेवा, कारण त्याच्या जोरावर पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला ४६.४० पौंडांची केअरर भर पडते.

उदाहरण घ्या. नवरा-बायको दोघंही सत्तरीचे. नवऱ्याला अटेंडन्स अलाउन्स चालू, त्याचं सगळं बायको बघते. दोघांच्या पेन्शनी मिळून आठवड्याला ३७० पौंड. जोडप्यासाठी पेन्शन क्रेडिटची रेषा (उत्पन्न याखाली असेल तर फरक मिळतो) ३४६.६०, म्हणजे यांना काही नाही. बायकोने केअरर्स अलाउन्सचा अर्ज केला, शून्य रकमेचं पत्र आलं. आता रेषा ३४६.६० अधिक ४६.४० म्हणजे ३९३ झाली. ३७० वजा जाता आठवड्याला २३ पौंड पेन्शन क्रेडिट सुरू. गॅरंटी क्रेडिट (पेन्शन क्रेडिटचा हाच मुख्य भाग) सुरू झालं की एनएचएसचे दातांचे उपचार मोफत, कौन्सिल टॅक्समध्ये मोठी सूट, ७५ नंतर टीव्ही लायसन्सही मोफत. आणि अटेंडन्स अलाउन्स उत्पन्नात धरतच नाहीत.

दोघंही एकमेकांची काळजी घेत असतील आणि दोघांनाही अटेंडन्स अलाउन्स असेल तर ही भर दोन वेळा मिळू शकते.

पेन्शनरांसाठी छोटा फॉर्म आहे, डीएस७००(एसपी). पेन्शन क्रेडिटमध्ये मात्र बचत आणि भारतातली मालमत्ता, भारतातली पेन्शन सगळं सांगावं लागतं. लपवू नका.

---

पाणपोई

इथे एक सावधानतेची सूचना जोडते. काळजी घेतली जाणारी व्यक्ती एकटी राहत असेल आणि तिला पेन्शन क्रेडिट चालू असेल, तर त्यात 'सिव्हिअर डिसेबिलिटी'ची आठवड्याला ८२.९० पौंडांची भर असू शकते. तुम्हाला केअरर्स अलाउन्सचे पैसे प्रत्यक्ष मिळायला लागले की त्यांची ही भर बंद होते. म्हणजे तुम्हाला ८३.३० आणि त्यांचे ८२.९० गेले. घराच्या हिशेबात ४० पेन्स! तुम्हाला युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये केअरर एलिमेंट (केअररसाठीची भर) मिळालं तरी हीच गत. म्हणून अर्जात त्यांच्याकडून 'मला हे माहीत आहे' अशी संमती घेतात. आधी त्यांचं पेन्शन क्रेडिटचं पत्र काढून त्यात ही ओळ आहे का ते बघा.

तुमचा अर्ज शून्य रकमेचा असेल (वरच्या उदाहरणासारखा), तर त्यांची भर जात नाही. आणि आई तुमच्याच घरात तुमच्याबरोबर राहत असेल तर बहुतेक वेळा ही भर तिला मुळातच मिळत नाही, कारण घरात दुसरी प्रौढ माणसं आहेत. तेव्हा एकत्र राहणाऱ्यांनी यापायी अर्ज अडवून ठेवू नये.

---

उंबरठा

कमाईच्या मर्यादेबद्दल सविस्तर लिहितो. केअरर्स अलाउन्समध्ये सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात आणि नंतर हजारो पौंड परत मागणारी पत्रं येतात.

१९६ पौंड ही मर्यादा आहे, उतार नाही. १९५.९० ला पूर्ण ८३.३० मिळतात, १९६.१० ला शून्य. १० पेन्ससाठी सगळा आठवडा जातो.

कमाई म्हणजे एकूण पगारातून वजा: इन्कम टॅक्स, नॅशनल इन्शुरन्स, तुम्ही पेन्शनमध्ये भरता त्याची निम्मी रक्कम. शिवाय तुम्ही कामावर असताना त्या व्यक्तीकडे किंवा तुमच्या १६ खालच्या मुलांकडे बघायला कुणाला पैसे देत असाल तर तेही वजा होतात, पण उरलेल्या कमाईच्या निम्म्यापर्यंतच, आणि तो माणूस जवळचा नातेवाईक नसावा. बहिणीला दिलेले पैसे धरत नाहीत.

महिन्याचा पगार असेल तर १२ ने गुणून ५२ ने भागा. समजा महिन्याला ८७० पौंड, पेन्शनमध्ये ४० जातात. निम्मे म्हणजे २० वजा, राहिले ८५०. गुणिले १२, भागिले ५२ = १९६.१५. गेला! आता याच माणसाने पेन्शनमध्ये महिन्याला १० पौंड जास्त भरले तर ५ अजून वजा होतात, ८४५ चे आठवड्याला १९५.०० येतात आणि अलाउन्स वाचतो. मर्यादेच्या आसपास घुटमळणाऱ्यांनी पगारविभागाला आधी हेच विचारावं.

नॅशनल लिव्हिंग वेज १२.२१ पौंड. आठवड्याला १६ तास म्हणजे १९५.३६, मर्यादेच्या जेमतेम आत. एखादी २ तासांची जादा शिफ्ट घेतली की २४.४२ मिळवायचे आणि ८३.३० घालवायचे. नोकरी सोडताना मिळणारा हॉलिडे पे, बोनस, मागचा थकलेला पगार हेही कमाईत येऊ शकतं. आणि पगारवाढ बहुतेक ठिकाणी एप्रिलमध्ये होते, ती झाली की त्याच आठवड्यात हिशेब पुन्हा मांडा.

पगाराची माहिती एचएमआरसीकडून (कर खात्याकडून) बेनिफिट देणाऱ्या खात्याकडे जाते, पण म्हणून ते लगेच तुम्हाला हटकतील असं नाही. "त्यांना तर दिसतंच आहे" या भरवशावर राहिलेल्यांना पुढे मोठी वसुली लागली आहे. बदल तुम्हीच कळवायचा, ऑनलाइन कळवलात तर पोच जपून ठेवायची, फोनवर असेल तर तारीख, वेळ आणि काय बोलणं झालं ते लिहून ठेवायचं.

दर महिन्याला कमाई वरखाली होत असेल तर कळवताना "सरासरी धरावी" असं स्पष्ट लिहून मागा, आणि त्यांनी सरासरी किती काळाची धरली ते लेखी घ्या. वसुलीचं पत्र आलं तरी लगेच कबूल करू नका. आधी आठवडानिहाय हिशेब मागा. त्यात पेन्शनचा निम्मा भाग किंवा देखभालीचा खर्च वजाच केलेला नसतो, असं बऱ्याचदा निघतं.

---

नि३

+१. आणि ऑक्युपेशनल पेन्शन, घरभाडं, शेअरचा डिव्हिडंड हे 'कमाई'त येत नाही. एका ओळीत सांगायचं तर कामाचा मोबदला तेवढा मोजतात.

---

दीपमाळ

अटेंडन्स अलाउन्सच्या फॉर्मबद्दल लिहिते, कारण केअररचं सगळं त्याच्यावरच टांगलेलं आहे. दर दोन: ७३.९० आणि ११०.४०. दिवसा किंवा रात्री मदत लागत असेल तर खालचा, दिवसा आणि रात्री लागत असेल तर वरचा. दोन्हींवर केअरर्स अलाउन्स मिळतो. गरज ६ महिने चालत आलेली हवी. आयुष्य १२ महिन्यांपेक्षा कमी उरल्याचं डॉक्टर म्हणत असतील तर ही ६ महिन्यांची अट नाही आणि निकालही लवकर लावतात.

फॉर्म फोन करून मागवा. फोनची तारीख हीच अर्जाची तारीख धरतात, मात्र ६ आठवड्यांत भरून परत पाठवला पाहिजे. हा बेनिफिट मागच्या तारखेने मिळत नाही, म्हणून आधी फोन करा, कागदपत्रं नंतर जमवा.

आपल्या ज्येष्ठांची सवय अशी की कुणी विचारलं की "होतंय आपलं आपलं" म्हणायचं. फॉर्मवर तसं उतरलं की नकार ठरलेला. इथे तक्रार करायची नाही, पण मदतीशिवाय काय घडतं ते तपशिलात लिहायचं.

"आंघोळीला मदत लागते" एवढं लिहून भागत नाही. असं लिहा: "टबच्या कडेवरून उजवा पाय उचलता येत नाही. सून एका हाताने काखेत धरते, दुसऱ्या हाताने पाय आत ठेवते. पाठ आणि पावलं धुता येत नाहीत. बाहेर येताना चक्कर येते म्हणून स्टुलावर बसवून पुसावं लागतं. २५ मिनिटं लागतात, रोज." बटणं, नाडी, चमचा, इन्सुलिनचं पेन, शौचानंतरची स्वच्छता, रात्री कूस बदलणं, प्रत्येकाला हीच तऱ्हा.

काय मोजतात? शरीराच्या क्रियांमध्ये मदत आणि धोका टाळण्यासाठी लक्ष ठेवणं. स्वयंपाक, खरेदी, घर साफ करणं यावर इथे फारसं वजन पडत नाही, त्यामुळे त्यात जागा घालवू नका. पण औषध घेण्याची आठवण करणं, गॅस चालू राहिला का बघणं, दार उघडून निघून जाऊ नयेत म्हणून जागं राहणं, हे मोजतात. दिवसाची मदत दिवसभरात विखुरलेली हवी, म्हणजे सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा एवढ्यावर भागत नाही. रात्री साधारण दोनदा उठावं लागणं किंवा एकदाच, पण २० मिनिटांहून जास्त वेळ, असा निकष लावतात. तेव्हा आठवडाभर उशाशी वही ठेवून वेळा टिपा आणि त्या पानाची प्रत जोडा.

अजून एक: प्रत्यक्षात मदत मिळते का यापेक्षा मदतीची गरज आहे का ते बघतात. आजोबा एकटे कसेबसे कपडे घालत असतील, त्यात अर्धा तास जात असेल, तोल जात असेल, तर गरज आहेच.

---

कोकणकडा

दीपमाळ, फार उपयोगी. पिपबद्दल थोडक्यात जोडतो: तिथे गुण आहेत. डेली लिव्हिंगच्या १० कृतींत मिळून ८ गुण झाले की ७३.९०, १२ झाले की ११०.४०. "जमतं" म्हणायचं तेव्हाच, जेव्हा ते सुरक्षितपणे, धड, पुन्हा पुन्हा आणि दुपटीपेक्षा जास्त वेळ न घेता जमतं. महिन्यातल्या निम्म्याहून जास्त दिवसांची स्थिती लिहा. बरे-वाईट दिवस येत असतील तर दोन्ही लिहा आणि वाईट दिवस किती ते सांगा.

संभाषणाच्या प्रश्नात आईला इंग्रजी येत नाही हे कारण लिहू नका. स्वतःच्या भाषेत बोलणं-समजणं अवघड जातं का, एवढंच ते विचारताहेत.

नकार आला तर पत्राच्या तारखेपासून १ महिन्यात मँडेटरी रिकन्सिडरेशन (खात्याकडूनच फेरविचार) मागायचं, तेही फेटाळलं तर १ महिन्यात ट्रायब्युनलकडे अपील. पहिल्या टप्प्यावर दमून सोडू नका. आणि त्यांचं अपील चालू असताना तुमचा केअरर्स अलाउन्सचा अर्ज विसरू नका. निकाल लागल्या दिवसापासून तुमचे ३ महिने मोजायला लागतात.

---

गवतीचहा

युनिव्हर्सल क्रेडिट चालू असणाऱ्यांनी केअरर्स अलाउन्स मागावा का? तिकडे तो पूर्ण कापून घेतात असं ऐकलं.

---

उंबरठा

हो, पौंडाला पौंड कापतात. ८३.३० चे महिन्याला ३६०.९७ होतात, तेवढी रक्कम युनिव्हर्सल क्रेडिटमधून वजा. फायदा असतो तो केअरर एलिमेंटचा, महिन्याला २०१.६८ पौंड. आणि त्यासाठी केअरर्स अलाउन्सचा अर्ज करावाच लागतो असं नाही. ३५ तास आणि त्या व्यक्तीचा बेनिफिट या दोन गोष्टी पुरतात. १९६ पौंडांची मर्यादा केअरर एलिमेंटला लागू नाही, कमाईनुसार युनिव्हर्सल क्रेडिट नेहमीसारखं कमी होतं एवढंच. त्यामुळे पूर्णवेळाच्या जवळपास काम करून आईचं बघणाऱ्यालाही ते मिळू शकतं.

ऑनलाइन खात्यात 'कुणाची तरी काळजी घेतो' हा बदल नोंदवायचा. उशिरा नोंदवला तर मागचे महिने सहसा बुडतात. काम शोधण्याची सक्तीही केअररवरून काढतात. वर्क कोचने (जॉबसेंटरच्या अधिकाऱ्याने) तरीही भेटीची वेळ लावली तर जर्नलमध्ये (ऑनलाइन खात्यातल्या नोंदींत) लिहून हे लक्षात आणून द्या.

स्वतः आजारी म्हणून वेगळं एलिमेंट मिळत असेल तर एकाच व्यक्तीला दोन्ही मिळत नाहीत. जोडप्यात मात्र एकाला एक, दुसऱ्याला दुसरं असं होऊ शकतं.

---

पाणपोई

ज्यांना यातलं काहीच बसत नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली, केअरर्स क्रेडिट. पैसे मिळत नाहीत, पण नॅशनल इन्शुरन्सचं वर्ष भरतं. पूर्ण नव्या स्टेट पेन्शनला साधारण ३५ वर्षं लागतात आणि १० पेक्षा कमी असतील तर काहीच नाही. आपल्यात उशिरा या देशात आलेल्यांना एकेक वर्ष महत्त्वाचं. अट आठवड्याला २० तास, कमाईची मर्यादा नाही. त्या व्यक्तीला बेनिफिट नसला तरी जीपी किंवा सोशल वर्करने सही केलेल्या प्रमाणपत्रावर मिळू शकतं. ज्या करवर्षासाठी हवं त्याच्या पुढचं करवर्ष संपायच्या आत अर्ज करा. केअरर्स अलाउन्स मिळत असेल किंवा १२ वर्षांखालच्या मुलाचा चाइल्ड बेनिफिट तुमच्या नावावर असेल तर याची गरज नाही, क्रेडिट आपोआप लागतं.

दुसरी, कौन्सिल टॅक्स. इथे उत्पन्न बघत नाहीत. घरात सासूबाई, मुलगा आणि सून आहेत. सासूबाईंना डिमेन्शिया, जीपीचं प्रमाणपत्र आणि अटेंडन्स अलाउन्स आहे, म्हणून त्या मोजणीतून वगळल्या. सून त्यांचं आठवड्याला ३५ तास करते म्हणून तीही वगळली. उरला एक प्रौढ, म्हणून बिलात २५ टक्के सूट. २,००० पौंडांचं बिल असेल तर ५०० वाचले. सुनेला केअरर्स अलाउन्स मिळत असलाच पाहिजे असं नाही. मात्र नवरा-बायकोने एकमेकांची किंवा १८ खालच्या मुलाची काळजी घेतली तर केअरर म्हणून वगळत नाहीत. हे दोन वेगळे फॉर्म आहेत, एक आजाराचा आणि एक केअररचा. कौन्सिलच्या साइटवर 'डिस्काउंट्स अँड डिसरिगार्ड्स' असं शोधा. डिमेन्शियाच्या निदानाची तारीख लिहून मागच्या काळाची सूटही मागा, बऱ्याच कौन्सिल देतात.

घरात त्या व्यक्तीसाठी जादा बाथरूम केलं असेल किंवा आत व्हीलचेअर फिरत असेल तर कौन्सिल टॅक्सचा बँड (घराची करश्रेणी) एक पायरी खाली येतो, तो आणखी वेगळा अर्ज.

---

सदाफुली

भारतात जाऊन यायचं असेल तर? सगळ्यांचा नेहमीचा प्रश्न आहे हा.

---

शमी

केअरर एकटा जात असेल तर ४ आठवड्यांपर्यंत केअरर्स अलाउन्स चालू राहतो. पण २६ आठवड्यांत काळजीतून मिळणारी सुट्टी एकूण ४ आठवडेच आहे, म्हणजे मधे दुसरीकडे कुठे गेला असाल तर ते आठवडे त्यातूनच जातात. आणि त्याआधीच्या २६ पैकी २२ आठवडे काळजी घेतलेली हवी, म्हणून नवीन अर्ज मंजूर झाल्या झाल्या लगेच तिकीट काढू नका.

दोघं बरोबर जात असाल आणि तिथेही तुम्हीच काळजी घेणार असाल, तर त्यांचा अटेंडन्स अलाउन्स किंवा पिप चालू असेपर्यंत तुमचाही चालतो. तो १३ आठवडे चालतो, उपचारासाठी गेले असतील तर २६. निघण्याआधी दोन्ही ठिकाणी कळवायचं: त्यांच्या बेनिफिटला वेगळं, तुमच्याला वेगळं. पेन्शन क्रेडिटची मुदत सहसा ४ आठवडे आणि युनिव्हर्सल क्रेडिटची १ महिना, ती या १३ आठवड्यांशी गल्लत करून धरू नका.

हॉस्पिटलचंही लिहून टाकते. प्रौढ व्यक्ती २८ दिवसांपेक्षा जास्त एनएचएस हॉस्पिटलात राहिली की अटेंडन्स अलाउन्स किंवा पिप थांबतो आणि त्याबरोबर तुमचा अलाउन्सही. दाखल झाल्याची तारीख कळवा आणि डिस्चार्जची तर नक्कीच कळवा, नाहीतर तो पुन्हा सुरू व्हायला वेळ जातो. १८ खालच्या मुलांचा डीएलए हॉस्पिटलमुळे थांबत नाही. आणि ती व्यक्ती गेली तर केअरर्स अलाउन्स पुढे ८ आठवडे मिळतो. त्या दिवसांत फोन करायचं कुणाला सुचत नाही, पण घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ते काम आपल्याकडे घ्यावं.

---

नि३

स्कॉटलंडचं: इथे केअरर्स अलाउन्सऐवजी केअरर सपोर्ट पेमेंट आहे, सोशल सिक्युरिटी स्कॉटलंडकडे अर्ज. रक्कम तीच ८३.३०, शिवाय २०२५ मध्ये दोनदा पुरवणी मिळाली, प्रत्येकी २९३.५०. पूर्णवेळ विद्यार्थ्यांनाही बहुतेक वेळा मिळतं. देशात राहण्याची अट सौम्य, ५२ पैकी २६ आठवडे. पिपऐवजी अ‍ॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट. १६ ते १८ वयाची मुलं आठवड्याला सरासरी १६ तास कुणाची काळजी घेत असतील तर वर्षातून एकदा यंग केअरर ग्रँट, ३९०.२५ पौंड.

---

दीपमाळ

नोकरीवाल्यांसाठी: एप्रिल २०२४ पासून केअरर्स लीव्ह हा हक्क आहे. वर्षाला १ आठवडा, बिनपगारी, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून, अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांतही घेता येते. किमान ३ दिवसांची किंवा रजेच्या दुप्पट दिवसांची, यांपैकी जी जास्त ती सूचना द्यायची. मालक पुढे ढकलू शकतो पण नाकारू शकत नाही, पुरावाही मागू शकत नाही. व्हिसाचा प्रश्न इथे येत नाही. फक्त रजा बिनपगारी असल्याने त्या महिन्याची कमाई घटते आणि केअरर्स अलाउन्स पुन्हा मर्यादेत बसू शकतो, तेही बघा.

कौन्सिलकडून केअरर्स असेसमेंट मोफत मागता येतं, इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर अ‍ॅक्टखाली. त्यातून काही तासांची बदली मदत किंवा थेट रक्कम मिळू शकते. विचारतील तेव्हा झोप, पाठदुखी, सोडावं लागलेलं काम हे सगळं सांगा. असेसमेंट तुमचं आहे, रुग्णाचं नाही.

---

गवतीचहा

आईला इंग्रजी येत नाही आणि खात्याचे लोक म्हणतात तिच्याशीच बोलायचंय. मग?

---

कोकणकडा

फोन लागल्याबरोबर "मराठी इंटरप्रिटर" मागा, तो खात्याच्या खर्चाने मिळतो. आई शेजारी बसून "माझ्या वतीने मुलगी बोलेल" एवढं त्याच्यामार्फत सांगू शकते, तेवढ्या कॉलपुरतं ते चालतं. दर वेळी हेच नको असेल तर तिच्या सहीचं अधिकारपत्र पाठवा. डिमेन्शियामुळे तिला कारभार समजतच नसेल तर तुम्ही अपॉइंटी (तिच्या वतीने बेनिफिटचा कारभार बघणारी व्यक्ती) व्हायचा अर्ज करा. एकदा नेमणूक झाली की पत्रं तुमच्या नावाने येतात आणि पैसेही तुम्ही सांगाल त्या खात्यात जमा होतात. अटेंडन्स अलाउन्सचा फॉर्म मागवतानाच हे सांगितलंत तर दोन्ही कामं बरोबर चालू होतात. फॉर्म भरायला माणूस हवा असेल तर एज यूके किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या जवळच्या शाखेत वेळ घ्या, तिथे मोफत बसून भरून देतात. जाताना औषधांची यादी आणि दीपमाळ यांनी सांगितलेली ती रात्रीची वही न्या.